कपाटातले मामा : एका सांगाड्याचं प्रकरण

रविवारची सकाळ, पावणेआठची वेळ. शरीररचनाशास्त्र विभागाच्या लाकडी जिन्यात वारसाफेरीचे, म्हणजे हेरिटेज वॉकचे, २२ पर्यटक उभे होते. प्रत्येकाने ६०० रुपये भरले होते, आणि वरच्या संग्रहालयाची चावी ज्यांच्या खिशात होती ते परिचर ती काढायला तयार नव्हते. फेरी घेऊन आलेल्या मुलीने आधी विनंती केली, मग परवानगीचं पत्र दाखवलं, शेवटी विभागप्रमुखांना फोन लावून दिला. परिचर फोनवर ‘हो सर, हो सर’ म्हणाले आणि चावी खिशातच ठेवली. सोमवारी त्यांच्याकडे खुलासा मागणारं पत्र गेलं. त्यांचा खुलासा दोन ओळींचा होता : ‘मागच्या फेरीत मामांच्या गळ्यात हात टाकून फोटो काढले. माणूस आहे तो. मी दार उघडणार नाही.’

मामा म्हणजे संग्रहालयाच्या दाराशी, जुन्या सागवानी कपाटात तारेने जोडून उभा केलेला एका पुरुषाचा सांगाडा. हे नाव कुणी दिलं ते कुणालाच ठाऊक नाही. परीक्षेच्या आदल्या दिवशी पहिल्या वर्षाची मुलं त्या कपाटाला हात लावून जातात, गॅदरिंगच्या दिवसांत मामांच्या डोक्यावर टोपी चढते, होळीनंतर कवटीला गुलाल लागलेला मी स्वतः पाहिला आहे. इतक्या वर्षांत त्यावर एकही तक्रार झाली नाही. पहिली तक्रार झाली ती पर्यटकांबद्दल, आणि ती केली एका चतुर्थश्रेणी कर्मचाऱ्याने. पुढचं वाचताना हे लक्षात ठेवावं, कारण या प्रकरणावर नेमलेल्या समितीत बसलेल्या आम्हा पाच जणांना ते विसरायला फार आवडलं असतं.

मी त्या समितीत का होते तेही सांगायला हवं. महाविद्यालयाला जोडलेल्या रुग्णालयात मी ३१ वर्षं समाजसेवा अधीक्षक होते. वॉर्डात एखादा बेवारस रुग्ण दगावला की त्याच्या माणसांचा शोध घेणं हा त्या कामाचा एक भाग. खिशातल्या चिठ्ठीवरून, हातावर गोंदलेल्या नावावरून, दाखल करताना कुणीतरी सांगितलेल्या अर्धवट पत्त्यावरून. पोलीस त्यांच्या बाजूने शोधायचे, मी माझ्या. कुणी मिळालं नाही की कागदावर ‘नातेवाईक आढळून आले नाहीत’ असा शेरा मारायचा. त्यानंतर देह एक तर पोलिसांमार्फत अंत्यसंस्काराला जायचा, नाही तर शरीररचनाशास्त्र विभागाकडे. म्हणजे या प्रकरणात मी तटस्थ नाही. मामा माझ्या नोकरीच्या कितीतरी आधीचे, पण तसले शेरे माझ्या अक्षरातही आहेत. महाविद्यालयाचं नाव देत नाही, आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत.

फुप्फुसं आणि फेरी

वारसाफेरीची कल्पना उथळ नव्हती, हे आधी मान्य करते. ती मुलगी आर्किटेक्ट. तिचे आजोबा लालबागच्या एका गिरणीत सूतखात्यात होते. मध्य मुंबईतल्या फेऱ्यांत लोक गिरण्यांच्या चिमण्या बघतात, चाळी बघतात, १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपाची गोष्ट ऐकतात आणि मॉलमध्ये जेवायला जातात, याचा तिला वीट आला होता. आमच्या संग्रहालयात एक मांडणी आहे : गिरणी कामगारांची फुप्फुसं. क्षयाने पोखरलेली, पोकळ्या पडलेली. शेजारी बिडी ओढणाऱ्यांची काळी फुप्फुसं. कापसाच्या धुळीने दम कोंडतो त्या बिसिनोसिस रोगाचा एक जुना तक्ता. ती म्हणाली, ‘मॅडम, गिरणगाव भिंतींवरून कळत नाही. आजोबा रात्रभर का खोकायचे ते मला या जारपुढे उभं राहिल्यावर कळलं.’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

पण संग्रहालयात फक्त फुप्फुसं नाहीत. फॉर्मलिन हे औषध ऊतकं टिकवण्यासाठी वापरता येतं हे १८९३ मध्ये लक्षात आलं, आणि त्यानंतर जगभरच्या वैद्यकीय महाविद्यालयांनी जे जे वेगळं दिसलं ते काचेत भरून ठेवलं. आमच्याकडे १४ जारमध्ये अर्भकं आहेत. काहींना दोन डोकी, काहींना कवटीच नाही. पिवळ्या पडलेल्या द्रवात डोळे मिटून बसलेली. पहिल्या फेरीनंतर लोकांनी जे फोटो टाकले त्यांत फुप्फुसाचा फोटो एकच होता. अर्भकांचे ३१, मामांचे ४० च्या वर. एका फोटोत एक गृहस्थ मामांच्या खांद्यावर हात ठेवून दोन बोटांनी विजयाची खूण करत उभे होते. तो फोटो फिरत फिरत परिचरांच्या भाच्याकडे पोहोचला. भाच्याने विचारलं, ‘मामा, हे तुमच्या कामावरचं ना?’

परिचरांना आम्ही सगळे भाऊ म्हणतो. ३४ वर्षं ते त्या हॉलमध्ये आहेत. जारमधला द्रव उडाला की तो भरणं, लेबलं बदलणं, विच्छेदनाच्या टेबलांवर देह ठेवणं आणि वर्षाच्या शेवटी उरलेलं सगळं गोळा करून अंत्यसंस्कारासाठी पाठवणं हे त्यांचं काम. अलीकडे बऱ्याच महाविद्यालयांत पहिल्या वर्षाची मुलं विच्छेदन सुरू करण्याआधी देहापुढे शपथ घेतात, त्याला पहिला गुरू म्हणतात. ही पद्धत आमच्याकडे येण्याच्या कितीतरी आधीपासून भाऊ सकाळी हॉल उघडताना उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला लावत आले आहेत. ‘श्रद्धा आहे का भाऊ?’ असं मी एकदा विचारलं होतं. ‘श्रद्धा नाही हो मॅडम, पाहुण्यांच्या घरात शिरताना लावतो ना तसा,’ म्हणाले.

‘तत्सम’ या शब्दात काय मावतं

समितीपुढे पहिला प्रश्न कायद्याचा आला, आणि मला वाटलं होतं तेवढ्या लवकर तो सुटला नाही. महाराष्ट्रात बेवारस देह वैद्यकीय महाविद्यालयांना मिळतात ते १९४९ च्या मुंबई शरीररचनाशास्त्र अधिनियमाखाली. रुग्णालयात, तुरुंगात किंवा सार्वजनिक जागी मरण पावलेल्या माणसावर ठरलेल्या मुदतीत जवळच्या कुणी हक्क सांगितला नाही, तर देह संस्थेला देता येतो. कशासाठी? शरीररचनेची तपासणी, विच्छेदन आणि तत्सम कामांसाठी.

विधी अधिकाऱ्यांचं म्हणणं असं की संग्रहालय हे ‘तत्सम’ मध्येच येतं. नमुना जपून ठेवणं हा शिकवण्याचाच भाग, आणि दार कुणासाठी उघडायचं हे संस्थेने ठरवावं. विभागप्रमुखांनी जोड दिली : डॉक्टर होणाऱ्याला दाखवणं शिक्षण आणि नागरिकाला दाखवणं तमाशा, अशी रेघ आपण ओढली तर शरीराचं ज्ञान ही डॉक्टरांची जहागीर होईल. हा मुद्दा मला त्यांच्याकडून अपेक्षित नव्हता आणि तो वजनदार आहे.

माझं म्हणणं एवढंच होतं की आपण ‘तत्सम’ हा शब्द आपल्या बाजूने ताणतो आहोत. देहदान करणारा माणूस फॉर्मवर सही करतो. माझ्या आईने सही केली होती. फॉर्म भरताना तिने मला विचारलं, ‘पोरं शिकतील ना माझ्यावर? मग चालेल. पण तमाशा नको हं.’ तिला निदान विचारता आलं आणि मला तिला शब्द देता आला. बेवारस माणसाच्या बाबतीत संमती नाही म्हणून कायद्याने संमतीची जागा घेतली, आणि तीही एका कामापुरती. नको म्हणायला कुणी नव्हतं म्हणून देह मिळाला. त्याच कारणाने त्याचा दुसरा उपयोगही करून घेणं म्हणजे एका माणसाच्या एकटेपणाचा दोनदा फायदा घेणं.

हा प्रश्न आमच्या जिन्यातच पहिल्यांदा उभा राहिला असं नाही. चीनमधून आलेले, रसायनं भरून टिकवलेले देह अमेरिकेत तिकीट लावून दाखवले जात होते. तिथल्या आयोजक कंपनीशी न्यूयॉर्कच्या ॲटर्नी जनरलने २००८ मध्ये जो समझोता केला त्यात एक अट अशी होती की, हे देह मुळात कुठून आले आणि त्यांत फाशी दिलेले कैदी तर नाहीत ना, याची खात्री आपण देऊ शकत नाही, असं कंपनीने प्रेक्षकांना उघड सांगावं. तेही चीनच्या पोलिसांकडून आलेले, कुणी न मागितलेले देहच होते. त्याउलट हे तंत्र १९७७ मध्ये शोधून काढणारे जर्मन शरीररचनातज्ज्ञ गुंथर फॉन हागेन्स यांनी जिवंतपणी सही करणाऱ्या दात्यांची मोठी यादी उभी केली. त्यांचं प्रदर्शन अनेकांना बीभत्स वाटतं. मलाही वाटतं. पण सही असणं आणि नसणं यातला फरक माझ्या आवडीनिवडीने पुसला जात नाही.

ब्रिटनच्या २००४ च्या मानवी ऊतक कायद्याने ही गोष्ट सरळ लिहून टाकली आहे. देह लोकांना दाखवायचा तर त्या माणसाने जिवंतपणी लेखी संमती दिलेली हवी, मागाहून नातेवाइकांनी दिलेली चालत नाही. मृत्यूला १०० वर्षं उलटली असतील तर ही अट लागत नाही. विधी अधिकारी लगेच म्हणाले, ‘तो कायदा इथे लागू नाही.’ खरं आहे. आणि गंमत अशी की तो लागू असता तरी मामांसारखे, कायद्याच्या आधीपासून संग्रहात असलेले अवशेष त्यातून सुटलेच असते. कायदा बघायला गेलो की असं होतं.

लंडनचा उंच माणूस, गोव्याचा संत

समितीतल्या जतनतज्ज्ञांनी लंडनच्या हंटेरियन संग्रहालयाचा दाखला दिला. चार्ल्स बर्न नावाचा आयरिश तरुण, उंची ७ फूट ७ इंच. जिवंत असताना त्याची उंची बघायला लोक पैसे देत. मेल्यावर शल्यविशारद आपल्या हाडांवर टपले आहेत हे त्याला ठाऊक होतं, म्हणून आपल्याला समुद्रात बुडवा असं त्याने मित्रांना सांगून ठेवलं. १७८३ मध्ये, वयाच्या २२ व्या वर्षी तो गेला. जॉन हंटर या सर्जनने पैसे चारून त्याचा देह मिळवला आणि सांगाडा कपाटात उभा केला. दोनशेहून जास्त वर्षं तो तिथे होता. २०२३ मध्ये संग्रहालय दुरुस्तीनंतर पुन्हा उघडलं तेव्हा सांगाडा मांडणीत नव्हता. दफन मात्र केलेला नाही. संशोधनासाठी आत ठेवला आहे.

विभागप्रमुख म्हणाले, ‘बर्नने नको म्हटलं होतं. मामांनी कुठे काय म्हटलं?’ मी म्हटलं, ‘सर, मामांना विचारलं कुणी?’ त्या बैठकीत यापुढे फार काही झालं नाही. चहा आला.

ऑक्सफर्डच्या पिट रिव्हर्स संग्रहालयाने २०२० मध्ये मानवी अवशेष मांडणीतून काढून घेतले. आपल्या देशापुरतं बोलायचं तर २०२४ च्या ऑक्टोबरात इंग्लंडमधल्या एका लिलावात नागा माणसाची शिंगं लावलेली कवटी विक्रीला आली होती, नागालँडमधून निषेध झाल्यावर ती मागे घेतली गेली. तेव्हा वर्तमानपत्रं वाचून मुंबईत आपण सगळे चिडलो होतो. आमच्या कपाटातली कवटी कुणाची, हे मात्र कुणी विचारलं नव्हतं. भारतातून सांगाडे बाहेर जाण्यावर सरकारने १९८५ मध्ये बंदी घातली. त्याआधी कित्येक वर्षं जगातले मेडिकलचे विद्यार्थी ज्या हाडांवर शिकले त्यांतली फार मोठी संख्या आपल्याच देशातल्या गरिबांची होती, आणि हा व्यापार मुख्यतः कलकत्त्यातून चाले. आमच्या रजिस्टरचा ‘पत्ता’ हा रकाना मी नंतर पाहिला. फुटपाथ, गाळा, खाणावळ, प्लॅटफॉर्म, ‘माहीत नाही’. मलबार हिल एकदाही नाही.

वारसाफेरीच्या मुलीने यावर उलट प्रश्न केला, आणि तो टाळण्यासारखा नव्हता. ‘मग मॅडम, गोव्याचं काय?’ सेंट फ्रान्सिस झेवियरचं शव दर दहा वर्षांनी दर्शनाला काढतात. अलीकडचं दर्शन २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात होतं. त्या रांगेत श्रद्धाळू किती आणि सुट्टीवर आलेले किती, हे कोण मोजणार? इथे दादरला चैत्यभूमीत बाबासाहेबांच्या अस्थी आहेत, ६ डिसेंबरला तिथे लाखो लोक येतात. मृताचे अवशेष झाकूनच ठेवावेत अशी आपली रीत आहे कुठे?

तिचं बरोबर आहे, झाकणं म्हणजे मान आणि दाखवणं म्हणजे अपमान असा हिशेब नाहीच. चैत्यभूमीत अस्थी डोळ्यांना दिसत नाहीत आणि तरी लोक त्यांच्यासाठीच येतात. गोव्यात शव दिसतं. दोन्हीकडे येणाऱ्याला माहीत असतं की आपण कुणाकडे आलो आहोत. इथे डुंगरवाडीला, पारशांच्या अंत्यविधीच्या जागी, परक्या माणसाला दख्म्याजवळ, म्हणजे देह ठेवतात त्या बुरुजाजवळ, सोडत नाहीत, आणि ज्याला ती रचना समजून घ्यायची असेल त्याच्यासाठी भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात दख्म्याची प्रतिकृती आहे. ती बघून कुणाचं काही अडल्याचं मी ऐकलं नाही. आणि पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला उत्खननात घरांच्या जमिनीखाली तोंडाला तोंड लावून ठेवलेल्या दोन मडक्यांत लहान मुलं सापडली, तीन हजार वर्षांपूर्वीची. ती मडकी बघताना मला अपराधी वाटत नाही. का वाटत नाही याचा मी बराच विचार केला. काळ लोटला हे एक कारण. दुसरं असं की त्या मुलांना कुणीतरी जपून, आपल्या चुलीजवळ ठेवलं होतं, आणि त्या मडक्यांपुढे उभं राहिल्यावर दिसते ती ही माया. मामांच्या कपाटात ज्याने त्यांना उभं केलं त्याची कारागिरी तेवढी दिसते.

आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेची नीतिसंहिता सांगते की मानवी अवशेष मांडताना ज्या समाजातून ते आले त्याच्या भावना आणि समजुती, जिथे माहीत असतील तिथे, लक्षात घ्याव्यात. ‘जिथे माहीत असतील तिथे.’ आमच्या समितीत सगळे या पळवाटेपाशी येऊन थांबले होते. मामांचा समाज कोणता, हे माहीत नाही ना, मग झालं.

क्रमांक १७

माहीत होतं. आम्ही शोधलं नव्हतं, इतकंच.

तिसऱ्या बैठकीच्या आदल्या दिवशी भाऊंनी मला बोलावून घेतलं. कपाटाच्या आतल्या बाजूला, खालच्या फळीवर एक पितळी बिल्ला ठोकलेला आहे : १७. मामांच्या पायाआड तो दिसत नाही. भाऊ साफसफाई करतात म्हणून त्यांना ठाऊक. विभागाच्या माळ्यावर जुनी रजिस्टरं पडून होती. वाळवीने अर्धी खाल्लेली. दोन दुपारी आम्ही दोघं तिथे धूळ खात बसलो. १९६१ च्या रजिस्टरमध्ये १७ क्रमांकाच्या ओळीत पुरुष, वय अंदाजे ३५, गिरणी कामगार, फुप्फुसाचा क्षय, रुग्णालयात मृत्यू. पुढे नाव होतं. आडनावासकट. गावही होतं. शेऱ्याच्या रकान्यात बारीक अक्षरात : डाव्या हाताचं जुनं, जुळून आलेलं हाडमोडणं. विभागप्रमुखांनी दुसऱ्या दिवशी कपाट उघडून बघितलं. डाव्या अरीय अस्थीला, म्हणजे कोपराखालच्या अंगठ्याकडच्या हाडाला, मधोमध गाठ आहे. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले, ‘मी या हाडावर २० वर्षं व्हायवा, तोंडी परीक्षा, घेतली आहे. बरा झालेला फ्रॅक्चर ओळखा म्हणून.’

बेवारस म्हणजे निनावी, असं लोकांना वाटतं. मला तरी ते वाटायला नको होतं. माझ्या हातून गेलेल्या कित्येक कागदांवर नाव होतं. त्या नावाने हाक मारणारं माणूस मुदतीत पोहोचलं नाही, एवढंच. १९६१ मध्ये खाणावळीतल्या सोबत्याने तार केली असेल, नसेल. कोकणातून बोटीने किंवा एसटीने येईपर्यंत मुदत संपली असेल. किंवा तार वाचून दाखवणारं गावात कुणी नसेल. हे माझे अंदाज आहेत, रजिस्टरमध्ये यातलं काही नाही.

नाव मिळालं आणि समिती एकदम अवघडली. सांगाडा होता तोवर चर्चा छान चालली होती, माणूस निघाल्यावर सगळ्यांना घाई झाली. एका सदस्याने सुचवलं की कपाटावर नावाची पाटी लावू, म्हणजे आदरही राहील आणि फेरीला गोष्टही मिळेल. वारसाफेरीच्या मुलीनेच त्याला विरोध केला. तिची बाजू ऐकायला तिला त्या दिवशी बोलावलं होतं. ‘माझ्या आजोबांच्या नावाची पाटी लावून मी त्यांना तिकिटावर दाखवीन का?’ असं ती म्हणाली. प्रस्ताव तिथेच पडला.

काय ठरलं

मामांना कपाटातून उतरवून लाकडी पेटीत ठेवायचं, पेटी विभागप्रमुखांच्या खोलीत कुलपात राहील. १४ अर्भकं पर्यटकांच्या वाटेवरून काढून विद्यार्थ्यांच्या खोलीत. त्यांच्या आयांना काय सांगितलं होतं, काही सांगितलं होतं का, याची एकही नोंद मिळाली नाही, आणि यावर मतभेदही झाला नाही. फेरी चालू राहील, १२ माणसांची, मोबाइल खाली जमा करून, फक्त फुप्फुसांच्या कपाटापर्यंत.

फुप्फुसांबद्दल मी हो म्हटलं, पण मनापासून नाही. तीही कुणाची तरी आहेत आणि बहुतेक तशीच आलेली आहेत. माझ्याकडे त्यांच्या विरोधात सांगण्यासारखं ठोस कारण नव्हतं, कारण ती कुणाची ते आता शोधता येत नाही आणि त्यांच्याकडून कळतं ते दुसरीकडून कळत नाही. चेहरा नाही म्हणून आपल्याला चालतं, हे मात्र मला पटलेलं नाही. जबडा आणि डोळ्यांच्या खोबणी दिसल्या की माणूस, आणि नुसतं फुप्फुस असलं की नमुना, ही सोय बघणाऱ्याची आहे. त्या जारवर आता ‘बेवारस देहांमधून, त्या काळच्या कायद्याने मिळालेलं’ अशी ओळ आहे. ती माझ्या आग्रहाने घातली. फेरीतले काही लोक ती वाचून गप्प होतात असं ती मुलगी सांगते. काही वाचत नाहीत.

भाऊंचा खुलासा ‘असमाधानकारक’ ठरला आणि त्यांना लेखी समज देण्यात आली. अधिष्ठात्यांचं म्हणणं, कारण योग्य असलं तरी आदेश मोडला. मी असहमतीची नोंद केली. त्या नोंदीला उत्तर आलेलं नाही.

रिकाम्या कपाटात प्लास्टिकचा सांगाडा आणून उभा केला. फार पांढरा आहे, दात जरा जास्तच हसरे. आठवड्याच्या आत त्याच्या डोक्यावर टोपी आली. पोरांचं त्याला नाव ठेवायचं चाललं आहे.

फोन

रजिस्टरमध्ये जिल्हा रत्नागिरी लिहिला होता, म्हणून मी पहिलं पत्र तिकडे पाठवलं आणि दीड महिना वाट बघत बसले. मग ध्यानात आलं की ते गाव १ मे १९८१ पासून सिंधुदुर्गात आहे. दुसरं पत्र ग्रामपंचायतीला गेलं. पत्रात मी नाव, गिरणी कामगार असल्याचा उल्लेख आणि वर्ष एवढंच लिहिलं होतं. हाताचं लिहिलं नव्हतं, मुद्दाम.

बारा दिवसांनी फोन आला. सत्तरीच्या पुढचा आवाज, मालवणीत. ‘माझ्या बापाशीचो भाव तो.’ मी विचारायच्या आधीच त्यांनी सांगितलं की लहानपणी माडावरून पडून काकांचा हात मोडला होता, असं आजी सांगायची. कुठला हात ते त्यांना आठवत नव्हतं. तेव्हा शंभर टक्के खात्री म्हणता येणार नाही, आणि डीएनए चाचणीचा विषय निघाला तसा त्यांनी बाजूला सारला. १९६१ च्या शिमग्याला शेवटचं पत्र आलं होतं. बारा वर्षं वाट बघून घरच्यांनी पालाशविधी केला, म्हणजे पानांचा पुतळा करून त्याला अग्नी दिला, तेरावं घातलं. दरवर्षी पितृपक्षात त्यांच्या नावाने पान ठेवतात.

सगळं ऐकून घेतल्यावर ते थांबले आणि विचारलं, ‘मॅडम, आता परत सुतक धरूचा काय?’

मला उत्तर देता आलं नाही. भटजींना विचारा म्हटलं. काकांना काचेच्या कपाटात ठेवलं होतं, हे मी त्यांना सांगितलं. मुलं परीक्षेच्या आधी हात लावून जायची, हेही सांगितलं. टोपीचं सांगितलं नाही. ते म्हणाले, ‘म्हंजे तो शाळेत होतो म्हणा.’ त्यांच्या बोलण्यात राग मला जाणवला नाही, पण फोनवर किती कळतं?

गणपती झाले की मुलाला घेऊन येतो म्हणाले, पितृपक्ष लागायच्या आत. कागद काय काय लागतील असं विचारत होते. मी कार्यालयात चौकशी केली. आमच्याकडे देह ताब्यात घेण्याचा फॉर्म आहे, तीन प्रतींत, १९६१ मध्येही होता. परत देण्याचा नाही. अधिष्ठात्यांनी मलाच एक मसुदा करायला सांगितला आहे. त्यातल्या ‘देह ज्या कामासाठी घेतला होता ते काम’ या रकान्यावर विधी अधिकाऱ्यांनी पेन्सिलने गोल केला आहे, आणि तो काढायला मी तयार नाही.

गणपती सप्टेंबरात आहेत आणि भाऊ ऑगस्टअखेर निवृत्त होतात. पेटी उघडायला मी येईन, असं त्यांनी विभागाला लेखी कळवलं आहे. या वेळी त्यांच्याकडे खुलासा कुणी मागितला नव्हता.